यंत्राआधी डबीवर वेळ लिहा: ऊतींतील प्रथिनांच्या नकाशांविषयी खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांचे व्यवस्थापक, शस्त्रक्रिया व पॅथॉलॉजी विभागांचे प्रमुख आणि उपकरणांसाठी निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

मूत्रपिंडाच्या बायोप्सीच्या दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवर आयजीजी या प्रथिनाला चिकटणारा, हिरवा उजळणारा प्रतिपिंड टाकलेला आहे. एकीवर गाळणीच्या पटलालगत पेनाने ओढावी तशी सलग रेघ दिसते. दुसरीवर त्याच पटलालगत बारीक दाणे दिसतात. पहिल्या रुग्णाला बहुधा अँटी-जीबीएम आजार (शरीराचेच प्रतिपिंड त्या पटलावर हल्ला करतात तो) आहे आणि त्याच्या उपचाराला दोन दिवसांचा उशीरही मूत्रपिंड गमावायला पुरतो. दुसऱ्याचा आजार मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या सहसा संथ चालणाऱ्या विकाराच्या वाटेचा आहे; तिथे रक्तातले, त्या आजाराची खूण असलेले पीएलए२आर प्रतिपिंड तपासून पुढचे ठरवायला सहसा वेळ मिळतो. (मधुमेहातही फिकट सलग रेघ उमटते, म्हणून जाणकार शेजारी अल्ब्युमिनचा स्टेन पाहतात. मधुमेहात अल्ब्युमिनचीही तशीच रेघ येते.) प्रथिन एकच आहे. ती ऊती वाटून, विरघळवून आयजीजी मोजले असते, तर आकडा कदाचित सारखाच आला असता. निदान ठरले ते प्रथिन कुठे आणि कसे बसले आहे यावरून.

मूत्रपिंडाचे पॅथॉलॉजिस्ट हे काम कित्येक दशके करत आहेत. आता एकाच सेक्शनवर, म्हणजे ऊतीच्या एका पातळ कापावर, चाळीस-पन्नास प्रथिनांच्या जागा टिपता येतात. ‘नेचर मेथड्स’ने २०२४ साली वर्षातील पद्धत म्हणून अवकाशीय प्रथिनशास्त्राची, म्हणजे कोणते प्रथिन ऊतीत कुठे आहे हे टिपण्याच्या शास्त्राची, निवड केली, आणि तेव्हापासून आपल्यासमोर येणाऱ्या प्रस्तावांत या यंत्रांची नावे वारंवार दिसत असतील. आम्ही ऊतींवर रोज काम करणारे लोक आहोत: ग्रॉसिंग करणारे (आलेला नमुना पाहून त्याचे तुकडे निवडणारे), सेक्शन कापणारे, स्टेन लावणारे, स्लाइड वाचणारे आणि प्रतिमांतून पेशी मोजणारे. यंत्रांना आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की नकाशा खरा की खोटा हे यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच बव्हंशी ठरून गेलेले असते, आणि नेमक्या त्याच टप्प्यांसाठी प्रस्तावात एक ओळही नसते.

आधी या नकाशांचा उपयोग काय, ते एका आजारावरून सांगतो. अमायलॉइड आजारात चुकीच्या घडीची प्रथिने हृदयात, मूत्रपिंडात किंवा चेतांमध्ये साचतात. काँगो रेड स्टेन लावून ध्रुवित प्रकाशात पाहिले की साठा हिरवट चमकतो. मात्र तो कशाचा आहे हे त्या चमकेतून कळत नाही. तो प्रतिपिंडांच्या लघु-शृंखलांचा असेल तर अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींवर औषधे चालवावी लागतात. ट्रान्सथायरेटिनचा असेल, तर ते प्रथिन स्थिर ठेवणारे टॅफामिडिससारखे औषध लागते. दुसऱ्या गटातल्या रुग्णाला पहिल्या गटाची केमोथेरपी दिली तर आजार तसाच राहतो आणि विषारी परिणाम मात्र भोगावे लागतात. वयस्क रुग्णांत ही चूक सहज होते, कारण त्यांच्या रक्तात दुसऱ्याच कारणाने थोडे मोनोक्लोनल प्रथिन (एकाच पेशीच्या वंशजांनी बनवलेला प्रतिपिंड) सापडू शकते.

इथे नेहमीचा प्रतिपिंडांचा स्टेन दगा देतो. रक्तद्रवातल्या लघु-शृंखला सगळ्या ऊतीत झिरपलेल्या असतात, त्यामुळे पार्श्वभूमीच रंगते. आणि साठ्यातल्या शृंखला तुटक्या असल्याने प्रतिपिंडाला पकडायचा भागच कधी कधी गायब असतो. उपाय असा: काँगो रेड लावलेल्या सेक्शनमधून फक्त चमकणारा भाग लेझरने कापून काढायचा, ट्रिप्सिन या विकराने त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, ओळखायचे. साठा कोणताही असो, त्यासोबत अपोलिपोप्रोटीन ई आणि सीरम अमायलॉइड पी ही प्रथिने सापडायला हवीत. ती नसतील तर लेझर चुकीच्या जागी चालला, असे समजून पुन्हा कापायचे. ही पद्धत काही केंद्रांत रोजच्या निदानात रुळली आहे. तिच्यात चाळीस रंगांची चित्रे नाहीत. योग्य जागेचा एक छोटा तुकडा आणि त्यातली खरी प्रथिने, बस्स.

हेच तंत्र पुढे नेऊन, संगणकाने निवडलेल्या विशिष्ट पेशीच लेझरने कापायच्या आणि त्यांतली हजारो प्रथिने मोजायची, याला डीप व्हिज्युअल प्रोटिऑमिक्स म्हणतात. टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस या आजारात औषधाच्या प्रतिक्रियेने कातडी भाजल्यासारखी सुटून येते आणि अनेक रुग्ण दगावतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या त्वचेच्या बायोप्सींमधून संशोधकांनी केराटिन बनवणाऱ्या पेशी आणि तिथे शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशी वेगवेगळ्या काढल्या. त्यांत इंटरफेरॉनची आणि जॅक-स्टॅट या दाह चेतवणाऱ्या संदेशमार्गाची खूण ठळक दिसली. त्यावरून सात रुग्णांना जॅक रोखणारी औषधे देण्यात आली आणि सातही जण बरे झाले. हे काम २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. सात म्हणजे सातच. त्यावरून सर्वांसाठी नियम होत नाही, रीतसर चाचण्या व्हायला हव्यात. पण प्रथिनांच्या नकाशातून थेट औषधापर्यंत जाता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या माहितीत नाही. आणि ते साध्या, पॅराफिनमधल्या, कपाटात ठेवलेल्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यावर) झाले, हे विसरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे. तो ब्लॉक कसा तयार होतो?

शस्त्रक्रियेत धमनी बांधली त्या क्षणापासून ऊतीचा प्राणवायू तुटतो. पेशी लगेच मरत नाहीत. त्या ताणाला उत्तर देत राहतात. फॉस्फेट लागलेली प्रथिने, म्हणजे पेशीत कोणता संदेशमार्ग चालू आहे हे सांगणारी प्रथिने, काही मिनिटांत बदलू लागतात. गाठ टेबलावरच्या ट्रेमध्ये पाऊण तास पडून राहिली आणि मग पी-एकेटी किंवा पी-ईआरके ही अशी प्रथिने कमी दिसली, तर तो रुग्णाच्या आजाराचा गुण आहे की ट्रेचा, हे जगातले कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. स्तनाच्या कर्करोगात उपचार ठरवणाऱ्या हर-टू आणि इस्ट्रोजेन ग्राहक या प्रथिनांसाठी अमेरिकेतील आस्को (कर्करोगतज्ज्ञांची) आणि सीएपी (पॅथॉलॉजिस्टांची) या संस्थांनी मर्यादा आखून दिली आहे: शरीराबाहेर काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये जाईपर्यंत जास्तीत जास्त १ तास, आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास. ही मर्यादा दोन-तीन प्रथिनांसाठी घातलेली आहे. चाळीस प्रथिनांचा नकाशा काढणाऱ्यांनी त्याहून ढिले राहावे, याला काहीच आधार नाही.

फॉर्मॅलिनमध्ये ‘टाकले’ या शब्दाने बराच घोटाळा होतो. फॉर्मॅलिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर शिरते आणि जसजसे खोल जाते तसा वेग मंदावतो. आतड्याचा किंवा स्तनाचा अखंड भाग न कापता बादलीत सोडून दिला, तर कडा पक्की होते आणि मध्यभाग आतल्या आत कुजत राहतो. शनिवारी दुपारी असे झाले आणि बादली सोमवारी उघडली, तर जो ब्लॉक मिळतो त्याची कड गडद रंगते व मध्य फिका पडतो. नकाशा वाचणारा लिहितो, ‘गाठीच्या परिघावर प्रथिन जास्त, गाभ्यात कमी.’ शोधनिबंधाला शोभेल असे वाक्य आहे. प्रत्यक्षात ते फॉर्मॅलिनच्या प्रवासाचे वर्णन आहे. म्हणून गाठ आली की ५ ते १० मिलिमीटर जाडीचे काप घ्यायचे, कापांमध्ये गॉज किंवा टिश्यू पेपर घालायचा म्हणजे द्रव आत शिरेल, आणि फॉर्मॅलिन ऊतीच्या निदान दहापट घ्यायचे. डबी लहान आणि तुकडा मोठा असेल, तर झाकण लागले म्हणून काम झाले असे होत नाही.

उलट चूक सुईच्या बायोप्सीत होते. १ मिलिमीटरचा धागा तासाभरात फॉर्मॅलिनने भिजतो, म्हणून तो त्याच दिवशी प्रोसेसरवर (ऊतीतले पाणी काढून मेण भरणाऱ्या यंत्रावर) चढवतात. पण भिजणे वेगळे आणि बांधले जाणे वेगळे. प्रथिनांमधले रासायनिक पूल बांधले जायला कित्येक तास लागतात. अर्धवट बांधलेली ऊती प्रोसेसरमधल्या अल्कोहोलमध्ये गेली की उरलेले काम अल्कोहोल करते, आणि ते प्रथिनांना गोठवते. मग एकाच धाग्यात दोन प्रकारे पक्की झालेली ऊती तयार होते आणि इस्ट्रोजेन ग्राहक खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. सहा तासांची किमान मर्यादा धाग्यालाही लागू आहे ती यासाठीच.

हाडात पसरलेल्या कर्करोगाचा नमुना तीव्र आम्लात मऊ करतात. त्यातून गेलेल्या ऊतीवरचा निगेटिव्ह निकाल आम्ही मानत नाही. ईडीटीए या सौम्य रसायनाने तेच काम होते, दिवस जास्त लागतात. त्याहून सोपे म्हणजे ग्रॉसिंगच्या वेळी मऊ भाग वेगळा काढून त्याची वेगळी कॅसेट करणे. त्याला दोन मिनिटे पुरतात.

यानंतर मायक्रोटोम, म्हणजे सेक्शन कापणारे यंत्र. सेक्शन ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो. कापून ठेवलेल्या सेक्शनमधली प्रथिने हवेने आणि ओलाव्याने आठवड्या-महिन्यांत मंदावतात. ब्लॉकमध्ये ती खूप जास्त टिकतात. तेव्हा पुढे लागतील म्हणून वीस स्लाइड आधीच कापून ठेवण्याची सवय मोडायला हवी. वर्षभर जुन्या स्लाइडची कालच्या स्लाइडशी तुलना करून जे फरक निघतात त्यांत आजार किती आणि कपाट किती, हे वेगळे करता येत नाही. चिकटपणाचीही तक्रार जुनीच आहे. प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतो तो भाग, उघडे करण्यासाठी स्लाइड सिट्रेट पीएच ६ किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये ९५ अंशांच्या वर वीस-तीस मिनिटे तापवतात. १९९१ पासून रूढ झालेल्या या उष्णतेच्या पद्धतीनेच पॅराफिनमधल्या ऊतीत हा स्टेन इतका सर्रास करता येऊ लागला. पण पाणी खळाखळा उकळले, तर बुडबुडे सेक्शनच्या खाली शिरतात आणि चरबीयुक्त ऊती सुटून येते. एकदाच स्टेन करायचा असेल तर हे चालून जाते. वीस वेळा धुवायच्या स्लाइडवर पहिल्याच दिवशी उचकटलेला कोपरा पुढच्या प्रत्येक फेरीत वाढत जातो. विद्युतभारित काच, पाण्याचा पूर्ण निचरा आणि ६० अंशांवर निदान तासभर भाजणे, एवढ्याने बहुतेक वेळा भागते.

प्रतिपिंडांवर जरा थांबायला हवे, कारण पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही सर्वांत जास्त इथेच वाया जातात. इस्ट्रोजेन ग्राहकाच्या बीटा प्रकारावर कितीतरी वर्षे संशोधन झाले. २०१७ मध्ये एका चमूने त्यासाठी वापरले जाणारे १३ प्रतिपिंड कसून तपासले, तेव्हा त्यांतला एकच खात्रीचा निघाला. बाकीचे दुसरेच काही पकडत होते किंवा हवे ते पकडतच नव्हते. या अशा प्रतिपिंडांवर नकाशे काढले गेले, निष्कर्ष छापले गेले.

प्रतिपिंडाच्या डबीवर ‘वेस्टर्न ब्लॉटसाठी तपासलेला’ असे लिहिलेले असते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडून सरळ केलेले असते. फॉर्मॅलिनमधल्या ऊतीत ते घडी घातलेले आणि जखडलेले असते. एका ठिकाणी चालणारा प्रतिपिंड दुसरीकडे चालेलच असे नाही. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने पडताळणीचे पाच मार्ग मांडले: जनुक काढून टाकलेल्या पेशींत स्टेन नाहीसा होतो का, वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या पातळीशी जुळतो का, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला धरणारा प्रतिपिंड तेच दाखवतो का, खूण लावलेल्या प्रथिनाशी जागा जुळते का, आणि प्रतिपिंडाने ओढून काढलेल्या पदार्थात मास स्पेक्ट्रोमीटरला तेच प्रथिन सापडते का. पाचही करा असे कोणी म्हणत नाही. पण एकही न करता पॅनल, म्हणजे एका नकाशासाठीचा प्रतिपिंडांचा संच, मंजूर होऊ नये.

आणि एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. प्रतिपिंडाला धातू, डीएनएचा धागा किंवा फ्लुरोसन्ट रंग जोडताना त्याच्या बिजागरीतले सल्फरचे बंध अनेकदा तोडावे लागतात. काही प्रतिपिंड त्यातून तसेच्या तसे बाहेर येतात, काहींची पकड जाते. म्हणजे जोडणी झाल्यावर तपासणी पुन्हा करायची. तपासणी करायची ती टॉन्सिलवर. टॉन्सिल सहज मिळते आणि त्याचा नकाशा पाठ आहे: सीडी२० (बी-पेशींची खूण) पुटिकांच्या आत, सीडी३ (टी-पेशींची खूण) मुख्यतः पुटिकांच्या मधल्या पट्ट्यात, केआय-६७ (विभाजन पावणाऱ्या पेशींची खूण) पुटिकेतल्या जर्मिनल सेंटर या भागाच्या गडद बाजूला खच्चून भरलेला, पीडी-एल१ (रोगप्रतिकारक पेशींना आवरणारे प्रथिन) क्रिप्टच्या, म्हणजे टॉन्सिलमधल्या खाचांच्या, आवरणावर ठळक आणि जर्मिनल सेंटरमधल्या मॅक्रोफेजवर फिका. यातला फिका भाग फार महत्त्वाचा. ठळक दिसणारे तर ढिसाळ स्टेनमध्येही दिसते. मॅक्रोफेजवरचा पीडी-एल१ गायब झाला की समजावे, आज स्टेन कमजोर पडला आहे आणि रुग्णांच्या स्लाइडही आज खोट्या निगेटिव्ह निघतील. पातळ-जाड पाच प्रमाणांत प्रतिपिंड वापरून पाहायचा आणि पार्श्वभूमीपासून खूण सर्वांत स्पष्ट वेगळी पडते ते प्रमाण घ्यायचे. सर्वांत झगझगीत ते नव्हे.

यंत्रांची निवड हा प्रस्तावांचा आवडता विषय, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहितो. फ्लुरोसन्सच्या फेऱ्यांत तीन-चार रंग लावायचे, चित्र घ्यायचे, रंग हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कली आणि प्रखर प्रकाशाने मारायचे, पुन्हा लावायचे. डीएनए खुणांच्या पद्धतीत सगळे प्रतिपिंड एकदाच लावतात आणि फक्त खुणा वाचणारे धागे बदलतात. धातूंच्या पद्धतीत प्रतिपिंडाला लँथेनाइड धातू जोडून लेझर वा आयन झोताने ऊती बिंदू-बिंदूने झिजवतात. तिथे ऊतीच्या स्वतःच्या चमकेचा त्रास नाही, पण वेळेचा हिशेब करा. १ मायक्रॉनच्या टप्प्याने १ चौरस मिलिमीटर म्हणजे १० लाख बिंदू. सेकंदाला २०० बिंदू धरले तर ८३ मिनिटे लागतात. १ चौरस सेंटिमीटरला त्याची शंभरपट, म्हणजे पावणेसहा दिवस. साहजिकच कोणी पूर्ण सेक्शन मोजत नाही. चार-सहा चौकोन निवडतात. ते चौकोन कोणी, कधी आणि कशाच्या आधारे निवडले, हे नोंदवलेले नसेल तर निष्कर्ष निवडणाऱ्याच्या नजरेचा असतो. चौकोन आधी साध्या, नेहमीच्या एच-अँड-ई रंगाच्या स्लाइडवर, पॅथॉलॉजिस्टने, रुग्णाचा निकाल माहीत नसताना आखावेत.

फेऱ्यांच्या पद्धतीत नाजूक प्रतिजन पहिल्या फेऱ्यांत घ्यायचे, दणकट शेवटी. एक फेरी रिकामी ठेवायची, म्हणजे लाल पेशी, कोलॅजन आणि लिपोफ्युसिन (जुन्या पेशींत साचणारे रंगद्रव्य) यांची स्वतःची चमक किती हे कळते. हिरव्या चॅनेलमध्ये ती सर्वांत जास्त त्रास देते, म्हणून दुर्बळ प्रथिनाला हिरवा रंग कधीच देऊ नये. शेवटच्या फेरीत पहिल्या फेरीचा एक प्रतिपिंड पुन्हा लावून पाहायचा आणि केंद्रकांचे डॅपी चित्र पहिल्या चित्रावर ठेवायचे. जिथे केंद्रके जुळत नाहीत तिथली ऊती हलली किंवा गळून गेली. त्या पेशी मोजणीतून काढायच्या. न काढल्यास संगणक त्यांना इमानदारीने ‘निगेटिव्ह’ म्हणतो.

संगणकाची दुसरी खोड पेशींच्या सीमांची आहे. लिम्फोसाइटचा व्यास ७ ते १० मायक्रॉन आणि सेक्शन ४ मायक्रॉनचा. म्हणजे बहुतेक पेशी अर्ध्यामुर्ध्या कापलेल्या, काही एकमेकींवर चढलेल्या. मेस्मर, सेलपोज, स्टारडिस्ट यांसारखी साधने सीमा चांगल्या आखतात, तरी कर्करोगाच्या पेशीला खेटून बसलेल्या टी-पेशीचा सीडी८ (मारक टी-पेशींची खूण) शेजारणीच्या हद्दीत सांडतोच. मग सीडी८ असलेल्या कर्करोग-पेशींचा नवाच प्रकार ‘सापडतो’. याचे स्वस्त मोजमाप सांगतो: ज्या पेशींवर सीडी३ आणि सीडी२० दोन्ही दिसतात, त्यांची टक्केवारी काढा. अशा पेशी निसर्गात विरळा. तुमच्या नकाशात त्या भरपूर असतील, तर सीमा चुकल्या आहेत, आणि कोण कोणाच्या शेजारी बसले आहे यावरचे सगळे विश्लेषण त्याच चुकीवर उभे आहे. काहीशे पेशी हाताने आखून संगणकाच्या आखणीशी ताडून पाहण्याला अजून पर्याय नाही, आणि हे काम त्या ऊतीची ओळख असलेल्यानेच करावे.

साठवणुकीचा हिशेबही प्रस्तावात आधीच यावा. अर्ध्या मायक्रॉनच्या पिक्सेलने १ चौरस सेंटिमीटर म्हणजे ४० कोटी पिक्सेल. १६ बिटांत एका चॅनेलला ०.८ जीबी, ४० चॅनेलला ३२ जीबी. खऱ्या सेक्शनचे क्षेत्र बहुधा त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. मूळ चित्रे ठेवायला जागा नाही म्हणून ती पुसून फक्त पेशींचे तक्ते ठेवले, तर वर सांगितलेली एकही चूक नंतर शोधता येत नाही.

हे सगळे रुग्णापर्यंत पोहोचते कसे, याबद्दल आमचे मत कदाचित यंत्र विकणाऱ्यांना रुचणार नाही. दवाखान्यात चाळीस प्रथिनांचा नकाशा क्वचितच लागेल. मोठा नकाशा शोधासाठी काढायचा, त्यातून निर्णय फिरवणारी तीन-चार प्रथिने आणि त्यांची जागा ओळखायची, आणि रोजच्या प्रयोगशाळेत तेवढीच, पण घट्ट शिस्तीत मोजायची. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इम्युनोस्कोर असाच आहे: फक्त सीडी३ आणि सीडी८, पण गाठीच्या गाभ्यात वेगळे आणि आक्रमक कडेला वेगळे मोजलेले. २०१८ मध्ये २,६०० हून अधिक रुग्णांवर आंतरराष्ट्रीय पडताळणी होऊन आजार उलटण्याचा धोका त्यातून कळतो हे दिसले.

उलट बाजूला हर-टू पाहा. तिचा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ही चाचणी घडवली गेली ती ३+ वेगळे काढण्यासाठी, म्हणजे पेशीपटलावर पूर्ण, गडद कडे असलेल्या गाठी ओळखण्यासाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन या औषधाला हर-टू कमी असलेल्या पसरलेल्या स्तन-कर्करोगासाठी मान्यता दिली, आणि एका रात्रीत ० आणि १+ यांमधली रेषा उपचाराची रेषा झाली. १+ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त कर्करोग-पेशींवर जेमतेम जाणवणारी, तुटक कड. दोन तास उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या गाठीत ही कड पुसली जाऊ शकते. ३+ चे २+ झाले तर पुढची जनुक-चाचणी सावरून घेते. १+ चे ० झाले तर सावरणारे कोणी नाही, रुग्णाच्या कागदावर ‘०’ छापले जाते. पीडी-एल१ मध्ये अशीच चूक मॅक्रोफेज करवतात: गाठीच्या पेशींमध्ये घुसलेले मॅक्रोफेज ठळक रंगतात आणि घाईत ते कर्करोगाच्या पेशी म्हणून मोजले जातात. ५० टक्के कर्करोग-पेशी रंगल्या की नाही या रेषेवर असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा उपचार यामुळे बदलतो. त्यातही २२सी३ प्रतिपिंडाने मोजताना निदान १०० जिवंत कर्करोग-पेशी स्लाइडवर असाव्या लागतात. नसतील तर आकडा देऊ नये, नमुना अपुरा असे लिहावे.

तर आपल्याकडून आम्हाला हवे ते असे.

शस्त्रक्रिया विभागप्रमुखांनी नमुन्याच्या फॉर्मवर दोन वेळांना जागा करावी: ऊती शरीराबाहेर आली ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये गेली ती. तिसरी वेळ, प्रोसेसरवर चढवल्याची, आम्ही भरू. वेळ मागाहून आठवून लिहू नये. फिरत्या परिचारिकेने तेव्हाच लिहावी, आणि रिकामी जागा असेल तर रिकामीच राहू द्यावी. अंदाजाने भरलेल्या ‘१० मिनिटे’पेक्षा रिकामी जागा आम्हाला जास्त उपयोगी पडते. सुट्टीच्या दिवशी ऊती कापायला माणूस नसेल, तर निदान मोठे नमुने उघडून ठेवायचे प्रशिक्षण कामावरच्या कोणाला तरी द्यावे.

निधी समित्यांनी यंत्राच्या प्रस्तावात चार गोष्टी नसतील तर तो परत पाठवावा: प्रत्येक प्रतिपिंड कोणत्या मार्गाने पडताळला आणि जोडणीनंतर पुन्हा कधी तपासला, नियंत्रण ऊती कोणत्या आणि त्यांत फिका संकेत कुठे अपेक्षित आहे, मूळ चित्रे ओएमई-टिफ या खुल्या फाइल-स्वरूपात, मिटी या ऊती-प्रतिमांच्या नोंदींच्या मानकानुसार तपशिलांसह कुठे आणि किती काळ राहणार, आणि सेक्शन कापणाऱ्या व स्टेन लावणाऱ्या कुशल टेक्निशियनचा पगार कोणत्या रकान्यात आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘सध्याचे कर्मचारी’ असे येते. सध्याचे कर्मचारी रोजचे निदान करत असतात.

रुग्णालय व्यवस्थापनाने ब्लॉक कोणाचा हे लेखी ठरवावे. फुप्फुसाची बायोप्सी दोन-तीन मिलिमीटरची असते; ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या औषध ठरवणाऱ्या चाचण्या झाल्याखेरीज तिला संशोधनाचा हात लागू नये. दर वेळी ब्लॉक मायक्रोटोमवर नव्याने बसवताना समतल करण्यातच ऊतीचा बराच भाग जातो, म्हणून सर्व चाचण्यांचे सेक्शन एकाच बैठकीत कापावेत. कापून ठेवू नका असे आम्ही वर म्हटले ते ‘कधीतरी लागतील’ अशा स्लाइडबद्दल; या ठरलेल्या आहेत आणि आठवडाभरात वापरल्या जातात.

आणि पॅथॉलॉजी विभागांनी, म्हणजे आम्ही स्वतःही, अहवालावर निकालाच्या खाली प्रतिपिंडाचा क्लोन (नेमका वाण, जसे २२सी३), यंत्र, त्या दिवसाच्या नियंत्रण-स्लाइडचा निकाल आणि फॉर्मॅलिनचे तास छापायला सुरुवात करावी. नमुन्याची वेळ माहीत नसेल तर ‘वेळ नोंदलेली नाही, निगेटिव्ह निकाल सावधपणे वाचावा’ असे तिथेच लिहावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे त्यावर फोन येतील, आणि ते आले की फॉर्मवरची पहिली जागा आपोआप भरली जाऊ लागेल.

आपले,
ऊती कापणारे, रंगवणारे आणि वाचणारे सहकारी